उंदराचा आकडा, माणसाचा आकडा

मुलतानी माती म्हटली की चेहऱ्याला लावायचा लेप आठवतो. विषवैद्यकाच्या पुस्तकांत मात्र ती पॅराक्वाट या तणनाशकाच्या प्रकरणात भेटते. पॅराक्वाट पोटात गेलेला रुग्ण लवकर हाती लागला, तर पाण्यात कालवलेली ही माती त्याला द्यावी, असं ही पुस्तकं अनेक दशकं सांगत आली आहेत. कारण सोपं आहे. पॅराक्वाटच्या रेणूवर धन विद्युतभार असतो, चिकणमातीच्या कणांवर ऋण. दोघं एकमेकांना असे धरतात की सहसा सुटत नाहीत. माती नसेल तर दवाखान्यातला सक्रिय कोळसाही तेवढाच उपयोगी. पण हे सारं पहिल्या तास-दोन तासांत झालं तर. शेतातून गावात, गावातून तालुक्याला, तालुक्याच्या दवाखान्यातून ‘जिल्ह्याला हलवा’ अशी चिठ्ठी मिळेपर्यंत आपल्याकडे किती वेळ जातो, हे वाचकांना सांगायला नको.

मातीला घट्ट चिकटण्याच्या याच गुणावर पॅराक्वाटने जगभर बाजार मिळवला. हा रेणू रसायनशास्त्राला १८८२ पासून ठाऊक होता. १९३०च्या दशकात तो ‘मिथाइल व्हायोलोजेन’ या नावाने प्रयोगशाळांत वावरत होता, कारण इलेक्ट्रॉन मिळाला की तो गडद निळा होतो आणि रंगावरून रासायनिक क्रिया ओळखता येते. तो तण जाळतो हे १९५५मध्ये इंग्लंडमधल्या इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज, म्हणजे आयसीआय या कंपनीच्या संशोधकांच्या लक्षात आलं. १९६२मध्ये ‘ग्रामोक्झोन’ बाजारात आलं. सकाळी फवारलं की ऊन वर चढेपर्यंत पानं करपायला लागतात, आणि जे थेंब मातीवर पडतात ते मातीतच बांधले जातात, त्यामुळे पुढच्या पेरणीला अडचण नाही. मजूर मिळत नाहीत, निंदणीचा खर्च परवडत नाही, पाऊस उघडीप देत नाही, अशा वेळी हे शेतकऱ्याला वरदान वाटलं तर त्यात त्याचं काही चुकलं नाही. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत जिवंत राहतात आणि काही दिवसांत तो पुन्हा डोकं वर काढतो, हे त्याला नंतर कळतं. तेव्हा तो पुन्हा फवारतो.

पानात जे घडतं तेच माणसाच्या फुप्फुसात घडतं, आणि सगळी शोकांतिका इथूनच सुरू होते. हिरव्या पानात सूर्यप्रकाशावर चालणारी इलेक्ट्रॉनची साखळी असते. पॅराक्वाट त्या साखळीतून इलेक्ट्रॉन उचलतं, हवेतल्या ऑक्सिजनला देतं, स्वतः मोकळं होतं आणि पुन्हा उचलायला तयार. रेणू एकच, पण फेऱ्या असंख्य. प्रत्येक फेरीत ऑक्सिजनचं एक आक्रमक रूप तयार होतं आणि ते पेशींची आवरणं फाडत सुटतं. माणसाच्या शरीरात सूर्यप्रकाशाची साखळी नसली तरी इलेक्ट्रॉन देणारी दुसरी यंत्रणा प्रत्येक पेशीत आहे. त्यातही फुप्फुसाच्या वायुकोशांतल्या पेशींचं दुर्दैव असं की, काही नैसर्गिक संयुगं आत ओढून घेण्यासाठी त्यांच्यापाशी जो मार्ग आहे, त्याच मार्गाने त्या पॅराक्वाटही ओढून घेतात. रक्तात ते कमी होत असलं तरी फुप्फुसात साठत राहतं. आणि फुप्फुसात ऑक्सिजनला काय तोटा!

म्हणूनच या रुग्णाच्या बाबतीत डॉक्टरला आपली पहिली सवय आवरावी लागते. धाप लागलेल्या माणसाला ऑक्सिजन लावणं ही वैद्यकातली सर्वांत स्वाभाविक कृती. इथे तोच विषाला इंधन पुरवतो. रक्तातला ऑक्सिजन फारच खाली गेल्याशिवाय तो लावू नका, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. नातेवाइकांना हे समजावून सांगण्याइतकं अवघड काम कॅज्युअल्टीत दुसरं नसेल.

पहिल्या दिवशी समजावण्याचीही गरज पडत नाही, कारण रुग्ण ठणठणीत दिसतो. शुद्धीवर असतो, बोलतो, चहा मागतो. ‘डॉक्टरसाहेब, लगेच उलटी झाली, सगळं निघून गेलं, बोलतोय की चांगला’ असं सोबतचे सांगत राहतात. कीटकनाशकांमधल्या ऑरगॅनोफॉस्फरस गटाचं विष घेतलेला रुग्ण तोंडाला फेस, आखडलेल्या बाहुल्या, बेशुद्धी अशा अवस्थेत येतो. सगळा वॉर्ड त्याच्याभोवती धावतो, अ‍ॅट्रोपिनच्या कुप्या फुटत राहतात आणि त्यातले बरेचसे वाचतात. पॅराक्वाटचा रुग्ण शेजारच्या खाटेवर बसून हे बघत असतो. दुसऱ्या दिवशी त्याची जीभ आणि घसा सोलवटतो, गिळता येत नाही. मग लघवी कमी होते, मूत्रपिंडं थकतात. विष फार गेलं असेल तर काही दिवसांतच सगळे अवयव एकामागून एक बंद पडतात. कमी गेलं असेल तर मूत्रपिंडं सावरतातसुद्धा, घरच्यांच्या आशा पल्लवित होतात, आणि त्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांत फुप्फुसं तंतुमय होऊन कडक होत जातात. मेंदूला फारसा धक्का लागत नसल्याने रुग्ण जवळजवळ शेवटपर्यंत भानावर असतो. यातल्या अनेकांना या काळात मरायचं नसतं. ते तसं सांगतातही. वॉर्डातल्या डॉक्टरांना हे विष इतर विषांपेक्षा जास्त छळतं, त्यामागे हे मोठं कारण आहे.

निदान मात्र विलक्षण स्वस्त आहे. रुग्णाच्या लघवीत सोड्याबरोबर सोडियम डायथायोनाइट टाकायचं. पॅराक्वाट असेल तर लघवी निळी होते, आणि निळा जितका गडद तितकं विष जास्त. १९३०च्या दशकातला तोच रंगाचा खेळ. सोडियम डायथायोनाइट हे नाव जड वाटेल, पण हीच ती ‘हायड्रोस पावडर’, जी रंगारी कापडाला वापरतात आणि गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही गुऱ्हाळांत काहिलीत पडते. ग्रामीण रुग्णालयात ही चाचणी करायला यंत्र लागत नाही, तंत्रज्ञ लागत नाही. तरीही ती सर्वत्र होत नाही, आणि मग काय प्यायलं ते बाटलीवरून किंवा नातेवाइकांच्या सांगण्यावरून ठरतं. बाटली बहुतेक वेळा शेतातच राहिलेली असते.

विष किती भिनलं आणि रुग्ण वाचेल का, याचा अंदाजही पुष्कळ आधीपासून बांधता येतो. एडिंबरोच्या अ‍ॅलेक्स प्राउडफूट आणि सहकाऱ्यांनी १९७९मध्ये एक आलेख प्रसिद्ध केला. विष घेऊन किती तास झाले आणि रक्तातली पातळी किती, या दोन गोष्टी त्यावर मांडल्या की रुग्ण रेषेच्या वर आहे की खाली, हे दिसतं. वर असेल तर बहुधा वाचत नाही. त्यानंतर जगभर त्यात सुधारणा झाल्या, नवे निर्देशांक आले. मृत्यूचं भाकीत करण्यात आपण तरबेज झालो. मृत्यू टाळण्याची गोष्ट वेगळी आहे, आणि ती जरा सविस्तर सांगायला हवी, कारण वैद्यकीय संशोधन कसं फसतं आणि कसं सावरतं हे तिच्यात दिसतं.

१९८६मध्ये त्रिनिदादच्या अ‍ॅडो आणि पून-किंग या दोन डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपला अनुभव मांडला. कल्पना तर्काला धरून होती. फुप्फुसं कडक होण्यामागे शरीराचाच दाह असेल, तर रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावीत. त्यांनी ७२ रुग्णांना सायक्लोफॉस्फामाइड आणि डेक्सामेथासोन दिलं. त्यातले ७२ टक्के वाचले. ज्या विषातून माणूस क्वचितच उठतो असा समज होता, तिथे हा आकडा थक्क करणारा होता. पण तुलना कोणाशी? पूर्वीच्या वर्षांतल्या रुग्णांशी. पूर्वीचे रुग्ण जास्त विष प्यायले असतील, उशिरा आले असतील, तेव्हाची बाकीची शुश्रूषाही वेगळी असेल. औषधामुळे वाचले की मुळातच वाचणारे होते, हे अशा तुलनेतून उलगडत नाही. पुढे तैवानमधल्या डॉक्टरांनी स्टेरॉइड आणि सायक्लोफॉस्फामाइडच्या मोठ्या मात्रा देऊन पाहिल्या आणि १९९९मध्ये आशादायक निष्कर्ष छापले. त्यांनी रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे केली होती, हे बरं झालं. पण पहिल्या आठवड्यातच दगावलेल्या अतिगंभीर रुग्णांना मुख्य तुलनेतून वगळलं होतं. संख्या लहान, वगळलेले बरेच. तरीही हा उपचार आशियाभर पसरला. हाताशी दुसरं काहीच नसताना डॉक्टर काय करणार? सायक्लोफॉस्फामाइड हे कर्करोगावरचं औषध आहे, ते काही निरुपद्रवी नव्हे. पण समोरचा माणूस तसाही जाणार असेल तर देऊन बघू, हा विचार माणुसकीचाच होता.

या प्रश्नाचा सोक्षमोक्ष श्रीलंकेत लागला. तिथल्या इंडिका गवरम्मना आणि सहकाऱ्यांनी २९९ रुग्णांची चाचणी केली. कोणाला औषधं आणि कोणाला नुसतं सलाइन, हे नशिबावर सोडलं. कोणालाही वगळून हिशेब सोपा केला नाही. २०१८मध्ये छापलेला निष्कर्ष एका ओळीचा होता. रोगप्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनी मृत्यू कमी झाले नाहीत. बत्तीस वर्षांची आशा संपली.

अशा ‘नकारार्थी’ संशोधनाला आपल्याकडे कोणी टाळ्या वाजवत नाही. मला ते या सगळ्या कहाणीतलं सर्वांत प्रामाणिक काम वाटतं. त्याने गरीब घरांचा महागड्या, त्रासदायक आणि निरुपयोगी औषधांवरचा खर्च थांबवण्याचा आधार दिला. रक्त कोळशाच्या गाळणीतून फिरवण्याचा उपचार कोरिया-तैवानमध्ये बराच वापरला गेला, आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही होतो; त्याच्या बाजूने इतका भक्कम पुरावा अजून उभा राहिलेला नाही. तरी डायलिसिसच्या दरपत्रकासमोर उभ्या राहिलेल्या बापाला हे कोण सांगतं?

आता मुलांविषयी. सुरुवातीच्या वर्षांत पॅराक्वाटचे बळी प्रामुख्याने अपघाताचे होते, आणि त्यांत मुलं होती. मूळ द्रव गडद तपकिरी, जवळजवळ कोलासारखा दिसे. शेजाऱ्याला थोडं द्यायचं म्हणून कोणी तो शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवी, आणि खेळून दमलेलं पोर घोट घेई. मूल लहान, शरीर लहान. मोठ्याला जो घोट निभावला असता तो त्याला निभावत नाही. कंपनीने मग त्यात निळा-हिरवा रंग घातला, उग्र वास मिसळला आणि १९७०च्या दशकात ‘पीपी ७९६’ नावाचं वांती घडवणारं द्रव्यही घातलं. रंग आणि वासाने चुकून पिण्याच्या घटना कमी झाल्या. वांतीच्या द्रव्याबद्दल मात्र वाद आहे. कंपनीत दीर्घकाळ काम केलेले विषशास्त्रज्ञ जॉन हेलिंग्ज यांचं म्हणणं असं की, या द्रव्याचं प्रमाण ठरवताना निवडक आकडेवारीचा आधार घेतला गेला आणि ते पुरेसं परिणामकारक ठरणार नाही इतकं कमी राहिलं. २०२१मध्ये हे प्रकरण युरोपातल्या शोधपत्रकारांनी जगापुढे आणलं. आयसीआयचा वारसा चालवणाऱ्या सिंजेंटाने हे आरोप फेटाळले आहेत.

श्रीलंकेत २००४मध्ये कंपनीने आणखी एक प्रयोग केला. नव्या मिश्रणात समुद्री शेवाळापासून मिळणारा असा पदार्थ होता जो जठरातल्या आम्लात घट्ट होतो, म्हणजे विष आतड्यात उतरायला उशीर; जोडीला जास्त वांतिकारक आणि रेचक. जुन्या मिश्रणाने बाधित झालेल्यांपैकी २७.१ टक्के रुग्ण तीन महिन्यांनी जिवंत होते, नव्याच्या बाबतीत ३६.७ टक्के. सुधारणा खरी होती. दहातले सहाहून अधिक तरीही मरत होते.

जपानमध्ये तर १९८५मध्ये भलतंच घडलं. कोणी तरी पॅराक्वाट मिसळलेल्या पेयांच्या बाटल्या रस्त्यावरच्या विक्रीयंत्रांपाशी ठेवून दिल्या. बारा माणसं गेली. ते कोणी केलं ते आजतागायत उघड झालेलं नाही. पुढच्याच वर्षी जपानने बाजारातल्या द्रवाचं प्रमाण पाच टक्क्यांवर आणलं. आपल्याकडे विकलं जातं ते २४ टक्क्यांचं.

या संपूर्ण विषयाला कलाटणी मिळाली ती मात्र ना कंपनीच्या प्रयोगशाळेत ना अतिदक्षता विभागात. ती मिळाली श्रीलंकेत, अनुराधापूरच्या रुग्णालयातल्या नोंदवह्यांत. १९९०च्या दशकात मायकेल एडलस्टन नावाचा ब्रिटिश वैद्यकीय विद्यार्थी सर्पदंशाच्या अभ्यासासाठी श्रीलंकेला आला. साप चावलेल्यांपेक्षा त्याला वॉर्डात तरुण मुलं-मुली जास्त दिसली, पिवळ्या कण्हेरीच्या बिया खाल्लेली, शेतातलं औषध प्यायलेली. साप बाजूला राहिला आणि पुढची कित्येक वर्षं त्याने याच प्रश्नाला दिली. ऑस्ट्रेलियाचे अँड्रयू डॉसन आणि निक बकली, पेरादेनिया विद्यापीठातले श्रीलंकन डॉक्टर, अशी मंडळी एकत्र आली आणि विषबाधेवरचं संशोधन करणारा दक्षिण आशियाई गट उभा राहिला. त्यांनी मोठ्या चाचण्या केल्या. त्यांपैकी एकात ४६३२ रुग्णांवर त्यांनी तपासलं की पुन्हापुन्हा कोळसा पाजल्याने जीव वाचतात का. उत्तर पुन्हा नकारार्थीच आलं. पण त्यांचं सर्वांत मोठं काम साधं मोजण्याचं होतं. कोण काय प्यायलं, रक्तात ते सापडलं का, आणि शेवट काय झाला.

२०१०मध्ये डॉसन आणि सहकाऱ्यांनी ९३०२ रुग्णांची मोजदाद छापली. सर्व कृषिरसायनं मिळून दहातला एक रुग्ण दगावला होता. पण रसायनागणिक फरक प्रचंड होता. पॅराक्वाट घेतलेल्यांपैकी ४२.७ टक्के मेले. त्याच गटाच्या इतर अभ्यासांतले तणनाशकांचे आकडे शेजारी ठेवा. ग्लायफोसेटचे ६०१ रुग्ण, मृत्यू १९. एमसीपीएचे १८१ रुग्ण, मृत्यू ८. भातावर फवारल्या जाणाऱ्या प्रोपॅनिलच्या रुग्णांत मृत्यू जवळपास ११ टक्के. यात रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं आणि मेथिलीन ब्लू हा त्यावरचा उतारा आहे. सगळीच तणनाशकं, सगळी एकाच दुकानात, एकाच फळीवर. कोणती बाटली हाताशी होती, एवढ्यावर जगणं-मरणं ठरत होतं.

या बाटल्यांचा धोका सरकारं कशावरून ठरवतात? उंदरांवरून. एका वजनाच्या उंदरांना किती दिलं की निम्मे मरतात, या आकड्यावर जागतिक आरोग्य संघटनेची वर्गवारी उभी आहे. या वर्गवारीत पॅराक्वाट दुसऱ्या वर्गात बसतं, ‘मध्यम धोकादायक’. आपल्या बाटल्यांवरचे रंगीत त्रिकोणही याच हिशेबाने येतात. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पॅराक्वाटच्या वाट्याला पिवळा येतो. उंदराच्या आकड्याला माणसांसाठी किती दवाखाने आहेत, उतारा आहे की नाही, फुप्फुस पुन्हा उभं राहतं की नाही, हे ठाऊक नसतं. लाल त्रिकोणाच्या काही कीटकनाशकांवर निदान अ‍ॅट्रोपिन आहे, व्हेंटिलेटर आहे. डॉसन यांच्या अभ्यासाने हेच दाखवलं की उंदराचा आकडा आणि माणसाचा आकडा यांचा मेळ बसत नाही, आणि जिथे हजारो माणसांचा हिशेब उपलब्ध आहे तिथे उंदरांकडे बघत बसण्यात अर्थ नाही.

श्रीलंकेने ते ऐकलं. तिथे अतिजहाल कीटकनाशकांवर १९८४ आणि १९९५मध्ये आधीच बंदी आली होती, १९९८मध्ये एंडोसल्फानवर. २००८ ते २०११ या काळात पॅराक्वाट, डायमेथोएट आणि फेन्थिऑन टप्प्याटप्प्याने हटवली गेली. १९९५मध्ये लाखामागे ४७ आत्महत्या होत्या. २००५पर्यंत त्या २४वर आल्या आणि पुढेही उतरत राहिल्या. विशेष म्हणजे विष घेऊन रुग्णालयात येणाऱ्यांची संख्या घटली नव्हती. लोक येत होते आणि बरे होऊन घरी जात होते. दक्षिण कोरियाने २०११मध्ये पॅराक्वाटची नोंदणी रद्द केली, २०१२पासून विक्री बंद. दोन वर्षांत कृषिरसायनांमुळे होणाऱ्या आत्महत्यांचा दर लाखामागे ५.२६वरून २.६७वर आला. दोन्ही देशांत पिकांच्या उत्पादनाला धक्का बसल्याचं दिसलं नाही.

‘मरायचंच ठरवलं असेल तर माणूस दुसरा मार्ग शोधेल’ हा युक्तिवाद इथे हमखास येतो. श्रीलंकेतल्या वॉर्डांत वाचलेल्यांशी बोलून पाहिलं तेव्हा आढळलं की त्यांतल्या अनेकांनी अर्ध्या तासाचाही विचार केलेला नव्हता. भांडण, अपमान, परीक्षेचा निकाल, दारू, आणि कोपऱ्यात बाटली. तो अर्धा तास टळला, किंवा बाटलीत कमी घातक काही असलं, की तोच माणूस पुढे पन्नास वर्षं जगतो. शेतकरी आत्महत्येमागची कर्जं आणि पडलेले भाव बंदीने मिटत नाहीत, हे खरं. ती लढाई वेगळी लढायलाच हवी. पण कर्ज फिटेपर्यंत माणूस जिवंत राहायला हवा ना?

युरोपात स्वीडनने १९८३मध्येच बंदी घातली होती. युरोपीय संघाने दिलेली परवानगी स्वीडनच्या दाव्यावरून संघाच्याच न्यायालयाने २००७मध्ये रद्द केली. ब्राझील आणि थायलंड यांनी २०२०मध्ये दार लावलं. चीनने २०१६मध्ये देशातली द्रवरूप विक्री थांबवली. ज्या ब्रिटनमध्ये ते फवारता येत नाही, तिथल्या हडर्सफील्डच्या कारखान्यातून ते परदेशी रवाना होत आलं आहे. आणि त्या कारखान्याची मालक सिंजेंटा २०१७पासून चिनी सरकारी कंपनीच्या ताब्यात आहे. आपल्या माणसांसाठी नको आणि दुसऱ्यांच्या माणसांसाठी चालेल, या हिशेबाला सभ्य शब्द सापडत नाही. पार्किन्सनच्या आजाराशी पॅराक्वाटचा संबंध असल्याचे दावे घेऊन अमेरिकेत हजारो खटले उभे राहिले, तेव्हा मात्र या विषयावर इंग्रजी वृत्तपत्रांत रकाने भरले.

भारताचा कीटकनाशक कायदा १९६८चा. तो जन्मला तोच एका विषबाधेतून. १९५८मध्ये केरळात पॅराथिऑन सांडलेलं धान्य-पीठ खाऊन शंभरावर माणसं मेली, चौकशी आयोग बसला आणि पुढे हा कायदा झाला. या कायद्यानुसार पॅराक्वाट ठरावीक पिकांवरच वापरता येतं. चहा, बटाटा, कापूस, रबर, द्राक्षं, अशी ती यादी आहे. प्रत्यक्षात ते कशावर फवारलं जातं, हे नाशिकच्या किंवा यवतमाळच्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात तासभर उभं राहिलं की कळतं. कलम २७ खाली राज्य सरकारला एखादं रसायन थांबवता येतं, पण सुरुवातीला फक्त ६० दिवसांसाठी. कायमचा निर्णय दिल्लीचा. केरळने २०११मध्ये स्वतःच्या हिमतीवर पॅराक्वाटसह अनेक रसायनं बाहेर काढली. ओडिशातल्या बुर्ला इथल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी २०१९मध्ये बंदीसाठी आंदोलन केलं; उपचार संपलेल्या डॉक्टरांनी रस्त्यावर यावं, ही या विषाची वेगळीच नोंद म्हणायची. आंतरराष्ट्रीय पातळीवर रॉटरडॅम करारात पॅराक्वाटचा समावेश व्हावा, म्हणजे निर्यातीआधी घेणाऱ्या देशाची जाणतेपणी संमती लागेल, असा प्रस्ताव बुर्किना फासो या आफ्रिकी देशाने मांडला. तो वर्षानुवर्षं अडला, आणि अडवणाऱ्यांत भारताचं नाव होतं.

महाराष्ट्राला हा धडा नवा नसावा. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो रुग्णालयात भरती झाले. ती कीटकनाशकं होती, पॅराक्वाट नव्हे, आणि ती प्यायलेली नव्हती, अंगावर आणि श्वासात आलेली होती. पण त्यातून जी शिस्त लागायला हवी होती ती मोजण्याची. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आत्महत्येच्या तक्त्यांत ‘कीटकनाशक प्राशन’ असा रकाना असतो. कोणतं रसायन, हे त्यात नसतं. तणनाशकाला वेगळी ओळही नाही. शेतकरी आत्महत्यांत वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकावर असणाऱ्या राज्यात जिल्हा रुग्णालयांनी हायड्रोसच्या दोन चमच्यांत होणारी चाचणी करून नोंद ठेवली, तर वर्षभरात महाराष्ट्राचा स्वतःचा माणसाचा आकडा तयार होईल. अनुराधापूरने केलं ते अकोला किंवा बीडला जमणार नाही असं काही नाही.

बंदी येईल तेव्हा येईल. तोवर एवढं तरी करा. तणनाशक कधीही पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ओतून घेऊ नका आणि कोणाला देऊ नका. घरात ठेवू नका. शेतावर ठेवायचं तर कुलपात, आणि किल्ली अशा माणसापाशी जो संध्याकाळी पीत नाही. गळका पंप पाठीवर घेऊ नका, अंगावर जखम असेल तर फवारणीला जाऊ नका. कोणी काही घेतल्याचा नुसता संशय आला तरी, तो कितीही चांगला बोलत असला तरी, त्याच घटकेला दवाखाना गाठा आणि बाटली सोबत न्या. दुकानदाराला कमी घातक पर्याय विचारा. डवरणी, कोळपणी, आच्छादन जिथे जमेल तिथे करा. आणि घरात कोणी जगण्याला कंटाळल्यासारखं बोलत असेल, गप्प गप्प असेल, तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी मदत क्रमांक कोणत्याही वेळी, विनाशुल्क लागतो. मराठीत बोलता येतं. हा क्रमांक कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर लावायला दुकानदाराला आजच सांगा.